मतांच्या लिलावात पेटलेले बेट

१९२६ साली ऑक्सफर्डहून नुकताच परतलेला २७ वर्षांचा एक सिंहली तरुण सिलोनच्या लोकांना लेखांतून सांगत होता, की या बेटाला एकछत्री कारभार मानवणारा नाही. वेगवेगळ्या समाजांना आपापला कारभार पाहता येईल अशी संघराज्याची घडीच इथे बसवायला हवी. तरुणाचे नाव सॉलोमन बंदरनायके. ३० वर्षांनी, १९५६ मध्ये, पंतप्रधान झाल्यावर सिंहली ही देशाची एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा त्यांनीच केला. पुढच्या वर्षी तमिळ नेत्याशी बसून प्रादेशिक परिषदांचा करार केला, त्याच्या पुढच्या वर्षी तो मोडला, आणि सप्टेंबर १९५९ मध्ये एका बौद्ध भिक्खूने त्यांना त्यांच्या राहत्या घरी गोळ्या घातल्या. इतकी वळणे घेणारा माणूस वंशद्वेषाने पेटलेला होता असे म्हणणे कठीण आहे. तो मतांचा हिशेब करत होता आणि तो हिशेब त्याच्या हाताबाहेर गेला. श्रीलंकेतल्या सिंहली-तमिळ संघर्षाची कथा सहसा दोन समाजांच्या वैराची म्हणून सांगितली जाते. घटनांचा क्रम नीट लावला तर मात्र दिसते ते असे, की ठिणगी बहुतेक वेळा एकाच समाजातल्या, म्हणजे सिंहलींमधल्या, दोन पक्षांच्या चढाओढीतून पडली. तमिळ त्या लिलावात बोली लावणारे कधीच नव्हते. बोली त्यांच्यावर लावली जात होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे भांडण २,००० वर्षांचे आहे, दुट्ठगामणी राजाने तमिळ राजा एळाराला मारले तेव्हापासूनचे. ही कथा ‘महावंस’ या पाली ग्रंथात आहे आणि सिंहली मुले ती शाळेत शिकतात, हे खरे. पण तोच ग्रंथ एळाराला न्यायी राजा म्हणतो आणि विजेत्याने त्याच्या समाधीला मान देण्याचा हुकूम काढल्याचेही सांगतो. कँडीच्या शेवटच्या राजघराण्याकडे पाहा: १७३९ ते १८१५ या काळात सिंहली प्रजेवर राज्य करणारे आणि बौद्ध मठांना दाने देणारे हे राजे दक्षिण भारतातून आलेल्या नायक्कर कुळातले होते. १९११ मध्ये सुशिक्षित सिलोनवासीयांसाठी विधिमंडळात एकच जागा ठेवलेली होती, ती पोन्नंबलम रामनाथन या तमिळ गृहस्थांनी सिंहली उमेदवाराला हरवून जिंकली. त्यात एक गंमतही आहे. अनेक उच्चजातीय सिंहली मतदारांना दुसऱ्या जातीच्या सिंहली माणसापेक्षा तमिळ माणूस जवळचा वाटला. १९१५ च्या दंगलीनंतर लष्करी कायद्याखाली भरडल्या गेलेल्या बौद्ध पुढाऱ्यांची बाजू याच रामनाथन यांनी लंडनपर्यंत नेली, तेव्हा कोलंबोत सिंहली पुढाऱ्यांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडून ती स्वतः ओढली. ती दंगल सिंहली आणि मुसलमान यांच्यातली होती. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या सिलोन नॅशनल काँग्रेसचे पहिले अध्यक्षही तमिळच होते, रामनाथन यांचे बंधू अरुणाचलम. सिंहली आणि तमिळ यांच्यातली पहिली मोठी दंगल झाली ती १९५६ मध्ये. २,००० वर्षांचे वैर इतका काळ कुठे दबा धरून बसले होते, याचे उत्तर हा आक्षेप घेणाऱ्यांनी द्यायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. इंग्रजी अमदानीत तमिळांना झुकते माप मिळाले, असे सिंहली लोक म्हणतात. तमिळबहुल उत्तरेतल्या जाफन्याची जमीन कोरडी, शेती तुटपुंजी. तिथे अमेरिकन मिशनऱ्यांनी १९व्या शतकात चांगल्या इंग्रजी शाळा काढल्या, आणि जाफन्याच्या तरुणाला सरकारी नोकरी हीच शेती झाली. स्वातंत्र्याच्या वेळी कारकुनी, डॉक्टरी, अभियांत्रिकी या क्षेत्रांत तमिळांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने बरेच जास्त होते. दक्षिणेतल्या खेड्यात सिंहली माध्यमातून शिकलेल्या मुलाला सरकारी कचेरीचे दार बंद, कारण आतला सगळा व्यवहार इंग्रजीत. शिवाय सिंहली भाषा या एका बेटाखेरीज जगात कुठे नाही आणि सामुद्रधुनीपलीकडे तमिळ बोलणारे कोट्यवधी आहेत. म्हणून संख्येने तीन चतुर्थांशाच्या आसपास असलेला समाजही स्वतःला घेरलेला अल्पसंख्य मानतो. आपल्याकडे अनेकांना श्रीलंका धम्माचे बेट म्हणून ठाऊक आहे; १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले होते. त्या वाचकाला भिक्खूंनी निवडणूक प्रचारात उतरणे खटकेल. पण मिशनऱ्यांच्या दबावाखाली मान गमावलेल्या विहारांनी १९व्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभारी घेतली, तेव्हापासून धर्म, भाषा आणि गावातल्या तरुणाची नोकरी हे तिथे एकाच दोरात गुंफले गेले. तक्रार खरी होती. मात्र इंग्रजी बोलणारा मूठभर वर्ग सिंहलींमध्येही होता आणि तमिळांमध्येही, आणि खेड्यातल्या तमिळ मुलालाही ते दार तितकेच बंद होते. इंग्रजीच्या जागी दोन्ही भाषा आणल्या असत्या तर ही तक्रार मिटली असती. १९४४ मध्ये कायदेमंडळाने तसा ठरावही केला होता.

तो ठराव बाजूला कसा पडला, हे पाहण्याआधी १९४८ कडे वळायला हवे, कारण भाषेच्या आधी नागरिकत्वाचा घाव पडला. मध्य डोंगराळ भागातल्या चहाच्या मळ्यांवर इंग्रजांनी तमिळ मुलखातून मजूर आणले होते. ते जाफन्याच्या तमिळांपेक्षा वेगळे. वर्गाने, जातीने आणि वस्तीनेही. १९४७ च्या निवडणुकीत त्यांच्या संघटनेने सात जागा जिंकल्या आणि इतर अनेक मतदारसंघांत त्यांची मते डाव्या पक्षांकडे गेली. स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच डी. एस. सेनानायके यांच्या सरकारने नागरिकत्वाचा असा कायदा केला, की पिढ्यान्‌पिढ्या तिथे राबलेल्या सुमारे सात लाख माणसांना वडिलांच्या जन्माचे कागद दाखवता येईनात आणि ती एका फटक्यात कोणत्याच देशाची राहिली नाहीत. मताधिकारही गेला. ना दगड पडला, ना गोळी सुटली. मळ्यांतली मते गेल्याने डोंगराळ भागातल्या सिंहली मतांचे वजन आपोआप वाढले. जाफन्याचे मोठे नेते जी. जी. पोन्नंबलम या सरकारात मंत्री झाले; त्यांना सोडून एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांनी १९४९ मध्ये संघराज्याची मागणी करणारा फेडरल पक्ष काढला. या मजुरांचा प्रश्न पुढे १९६४ मध्ये दोन्ही देशांचे पंतप्रधान शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांनी माणसे वाटून घेऊन सोडवला: सव्वापाच लाख भारताने घ्यायची, तीन लाख श्रीलंकेने ठेवायची, उरलेल्या दीड लाखांचे नंतर पाहू. कुठे राहायचे हे त्या माणसांना कोणी विचारले नाही.

भाषेचा लिलाव १९५४ ते १९५६ या दोन वर्षांत झाला. पंतप्रधान जॉन कोटेलावाला जाफन्याला गेले आणि सिंहली व तमिळ या दोन्ही भाषांना घटनेतच समान स्थान देऊ, असे सांगून आले. दक्षिणेत गहजब उडाला. बंदरनायके यांनी संधी साधली: सत्तेवर येताच २४ तासांत फक्त सिंहली, ही त्यांची घोषणा. मग फेब्रुवारी १९५६ मध्ये केलानियाच्या अधिवेशनात कोटेलावालांच्या युनायटेड नॅशनल पक्षानेही समानतेचे धोरण टाकून ‘फक्त सिंहली’ स्वीकारले. म्हणजे एप्रिलमधल्या निवडणुकीत सिंहली मतदारापुढे दोन मोठे पर्याय होते आणि दोघांचा माल एकच होता. अशा वेळी जो मोठ्याने ओरडतो तो जिंकतो. बंदरनायके यांच्या आघाडीला ९५ पैकी ५१ जागा मिळाल्या, कोटेलावालांचा पक्ष आठांवर आला. ५ जून १९५६ रोजी विधेयक संसदेत मांडले जात असताना बाहेर गॉल फेसच्या मैदानावर फेडरल पक्षाचे लोक सत्याग्रहाला बसले होते; जमावाने त्यांना झोडपले आणि दंगल पूर्वेकडच्या गल ओयाच्या नव्या वसाहतींपर्यंत पोचली. पुढच्या काळात हे भांडण गाड्यांच्या पाट्यांपर्यंत उतरले. वाहनांच्या क्रमांकाआधी सिंहली लिपीतला ‘श्री’ लावायचा नियम आला. अशा पाट्यांच्या सरकारी बसगाड्या १९५८ मध्ये उत्तरेत पोचल्या, तेव्हा जाफन्यात त्या ‘श्री’वर डांबर फासले गेले; उलट कोलंबोत तमिळ दुकानांच्या पाट्यांवर डांबराचे कुंचले फिरले. अक्षर एकच, उच्चारही एकच, आणि त्या अक्षराच्या वळणावरून मे महिन्यात शेकडो माणसे मरतील असे वातावरण तयार झाले.

मधल्या काळात तोडगा निघालाच नव्हता असे नाही. जुलै १९५७ मध्ये बंदरनायके आणि चेल्वनायकम यांनी करार केला. दोघेही इंग्रजी शिकलेले, दोघेही ख्रिस्ती घरांत वाढलेले. करारानुसार तमिळ प्रदेशात तमिळमधून कारभार आणि शेती, शिक्षण, जमिनीचे वाटप यांवर प्रादेशिक परिषदांचा अधिकार मान्य झाला. वेगळ्या राष्ट्राची भाषा त्यात कुठेही नव्हती. हा करार मोडला कोणी? विरोधी बाकांवरच्या युनायटेड नॅशनल पक्षाचे जे. आर. जयवर्धने ऑक्टोबरमध्ये कोलंबोहून कँडीच्या दंतमंदिराकडे पदयात्रेला निघाले. देश विकला जातोय, ही हाक. यात्रा वाटेत अडवली गेली, पण काम झाले होते. ९ एप्रिल १९५८ रोजी भिक्खू पंतप्रधानांच्या घरासमोर येऊन बसले आणि करार रद्द केल्याचे लेखी घेऊनच उठले. १९६५ मध्ये भूमिका उलट्या झाल्या. आता सत्तेवर युनायटेड नॅशनल पक्षाचे डडली सेनानायके, त्यांनी चेल्वनायकम यांच्याशी जिल्हा परिषदांचा करार केला, आणि रस्त्यावर उतरला तो बंदरनायके यांचा पक्ष. हाही करार बासनात गेला. १९५६ मध्ये कॉल्विन आर. डी सिल्व्हा या मार्क्सवादी नेत्याने संसदेत बजावले होते, की दोन भाषा मानाल तर देश एक राहील, एकच भाषा लादाल तर त्याचे दोन होतील. दहा वर्षांनी, जानेवारी १९६६ मध्ये, तमिळच्या मर्यादित वापराच्या नियमांविरुद्ध निघालेल्या मोर्च्यात त्यांचाच लंका समसमाज पक्ष सामील होता. आणि सिंहली ही राजभाषा, बौद्ध धर्माला अग्रस्थान, अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे जुने कलम गायब, असे १९७२ चे संविधान तयार झाले ते राज्यघटना खात्याचे मंत्री कॉल्विन डी सिल्व्हा यांच्या देखरेखीखाली. या लिलावात बोली न लावणाऱ्यालाही शेवटी हात वर करावा लागला, याचा यापेक्षा बोलका पुरावा मला माहीत नाही.

या टप्प्यावर तमिळ तरुण बिथरला तो विद्यापीठाच्या दारात. १९७१ मध्ये वैद्यकीय प्रवेशाला ४०० पैकी सिंहली माध्यमाच्या विद्यार्थ्याला २२९ गुण पुरत, तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्याला २५० लागत. पुढे याची जागा जिल्हावार कोट्याने घेतली. आरक्षणाची सवय असलेल्या वाचकाने इथे जरा थांबून फरक करावा. मागास जिल्ह्यांना सवलत देण्यात गैर काही नव्हते, आणि तिचा फायदा मन्नारसारख्या मागास तमिळ जिल्ह्यालाही झाला. भाषेवरून वेगळी पट्टी लावणे ही गोष्ट निराळी. तिचे समर्थन होऊ शकत नाही, आणि जाफन्याच्या मनात तीच राहिली. याच काळात, एप्रिल १९७१ मध्ये, सिंहली तरुणांनी जनता विमुक्ती पेरमुणेच्या झेंड्याखाली बंड केले आणि त्यात हजारो मारले गेले. राजभाषा सिंहली झाली, पण नोकऱ्या आल्या नाहीत. ज्याच्या नावाने बोली लागली त्या खेड्यातल्या मुलाच्याही हाती काही पडले नव्हते.

तमिळ राजकारणातही मग तीच चाल सुरू झाली, फक्त मतांऐवजी बंदुकीने. २० वर्षे करार करून तोंडावर पडलेल्या मवाळ नेत्यांना मे १९७६ मध्ये वड्डुकोट्टई इथे वेगळ्या तमिळ ईलमचा ठराव करावा लागला. मागून येणाऱ्या पोरांनी त्यांना पर्याय ठेवला नव्हता. १९७७ मध्ये या नेत्यांची आघाडी संसदेतला मुख्य विरोधी पक्ष झाली. १९८१ मध्ये ३१ मेच्या रात्री जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले, ९७,००० ग्रंथांसह. आग लावणाऱ्यांत पोलीस होते आणि दोन मंत्री त्या वेळी शहरात मुक्कामाला होते. २३ जुलै १९८३ रोजी एलटीटीई या सशस्त्र तमिळ संघटनेने, म्हणजे ‘वाघां’नी, जाफन्यात १३ सैनिक मारले, त्यांच्या अंत्यविधीसाठी कोलंबोच्या स्मशानात जमलेली गर्दी शहरात पसरली, आणि टोळ्यांच्या हातात मतदारयाद्या होत्या. कोणते घर तमिळाचे, कोणते दुकान तमिळाचे, हे त्यांना विचारावे लागत नव्हते. वेलिकडा तुरुंगात ५३ तमिळ कैदी मारले गेले. राष्ट्राध्यक्ष जयवर्धने चार दिवसांनी दूरचित्रवाणीवर बोलले, त्यात बळी पडलेल्या तमिळांसाठी सहानुभूतीचा शब्द नव्हता.

इथे माझ्याच मांडणीवर एक आक्षेप येतो. १९८३ मध्ये जयवर्धने यांना कोणाची चढाओढ होती? त्यांच्या पक्षाकडे संसदेत पाच षष्ठांश जागा होत्या, सार्वमत घेऊन त्यांनी निवडणुकाही पुढे ढकलल्या होत्या. आक्षेप बरोबर आहे, आणि त्यामुळे मांडणीत थोडी दुरुस्ती करावी लागते. लिलाव २५-३० वर्षे चालला की तो पक्षांच्या बाहेर न राहता पक्षाच्या आत शिरतो. सत्ताधारी पक्षाच्याच कामगार संघटना, त्याच पक्षातले कडवे मंत्री, भिंतीवरची पत्रके हीच आता यंत्रणा झाली होती. १९५७ मध्ये पदयात्रा काढणाऱ्याला १९८३ मध्ये आपल्याच माणसांना आवरता आले नाही, किंवा आवरायचे नव्हते. संसदेतल्या आकड्याने हा रोग बरा होत नाही.

वाघांचे काय, हा प्रश्न उरतो. कोलंबोतले अनेकजण म्हणतील, की ज्या संघटनेने आत्मघाती बॉम्ब घडवले, शाळकरी पोरांच्या हाती बंदुका दिल्या, तिच्याशी लढणे म्हणजे दहशतवादाशी लढणे, बाकी सगळी कारणमीमांसा फुकाची. वाघांचे पाप कमी करायचे कारण नाही. त्यांनी इतर तमिळ गट संपवले, १९८९ मध्ये मवाळ नेते अमिर्तलिंगम यांना मारले, ऑक्टोबर १९९० मध्ये उत्तरेतल्या ७०,००० हून अधिक मुसलमानांना घरदार सोडून निघायला लावले, आणि मे १९९१ मध्ये राजीव गांधींचा बळी घेतला. पण काळाचा क्रम उलटवता येत नाही. पहिला करार फाटला तेव्हा वाघांचा म्होरक्या प्रभाकरन तीन-चार वर्षांचा होता. उलट कडव्यांना कडवेच हवे असतात याचा दाखला २००५ चा आहे: वाघांनी आपल्या भागात बहिष्कार लादला आणि तडजोडीची भाषा बोलणारे रनिल विक्रमसिंघे दोन लाखांहून कमी मतांनी हरले. सत्तेवर आले महिंदा राजपक्षे, ज्यांनी चार वर्षांत वाघांचा नायनाट केला.

भारताने हा तिढा आपल्या हाताने सोडवायचा प्रयत्न केला, त्याची किंमत आपल्याला ठाऊक आहे. २९ जुलै १९८७ च्या राजीव-जयवर्धने करारातून १३वी घटनादुरुस्ती आणि प्रांतिक परिषदा आल्या, तमिळही राजभाषा झाली. तमिळांनी ३० वर्षे जे मागितले त्यातले बरेचसे कागदावर आले, पण ते परक्या फौजेच्या सावलीत आले. दक्षिणेत बंदरनायके यांचा पक्ष विरोधात उभा राहिला, जनता विमुक्ती पेरमुणेने दुसरे बंड केले आणि उत्तरेत वाघ भारतीय सैन्यावरच उलटले. मुंबईत जन्मलेले महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी जाफन्याजवळ छातीत गोळी लागूनही लढत राहिले आणि मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी ठरले. मार्च १९९० मध्ये सैन्य परतले तेव्हा सुमारे १,२०० जवान गमावलेले होते.

लोकशाहीत बहुसंख्य असेच वागणार, असेही कोणी म्हणेल. मग १९५६ हे वर्ष भारतात कसे गेले तेही पाहावे. त्याच वर्षी इथे भाषावार राज्यांचा कायदा झाला. मुंबईसाठी महाराष्ट्र पेटला, हुतात्मा चौकात माणसे पडली, पण १९६० मध्ये राज्य मिळाले आणि भांडण संपले. १९६५ मध्ये हिंदीविरोधात मद्रास पेटले तेव्हा दिल्लीने माघार घेतली. भारतीय पुढारी अधिक शहाणे होते असे मला वाटत नाही. इथे कोणत्याही एका भाषेच्या मतांवर दिल्ली जिंकता येत नव्हती, इतकेच. श्रीलंकेत एका भाषेच्या मतांवर कोलंबो जिंकता येत होते, आणि दोन्ही मोठे पक्ष त्याच मतांवर जगत होते.

मे २००९ मध्ये मुल्लिवैक्कालच्या चिंचोळ्या किनाऱ्यावर युद्ध संपले. शेवटच्या महिन्यांत ४०,००० पर्यंत नागरिक मेले असण्याची शक्यता संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने नोंदवली. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जाफन्याने राजपक्षे यांच्या विरोधात मत दिले ते सरत फोन्सेका यांना, म्हणजे वाघांना चिरडणाऱ्या सेनापतीला. हा समाज मतपेटीसमोर किती व्यवहारी असतो याचा हा नमुना. दक्षिणेत मात्र शत्रूची जागा रिकामी राहिली नाही. २०१४ मध्ये अलुथगमा आणि २०१८ मध्ये दिगना इथे मुसलमानांची घरे जळली. २०२२ मध्ये देश दिवाळखोर झाला, राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे पळाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अनुरा कुमार दिसानायके यांच्या आघाडीला २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या. जाफना जिल्ह्यातल्या सहापैकी तीन जागाही त्यांच्याच. या आघाडीचा कणा म्हणजे १९८७ च्या कराराविरुद्ध बंड करणारी आणि २००६ मध्ये उत्तर-पूर्व प्रांतांचे विलीनीकरण न्यायालयातून रद्द करवून घेणारी जनता विमुक्ती पेरमुणे. एकेकाळी बाहेरून सर्वांत मोठी बोली लावणारा पक्षच आता सत्तेत आहे. प्रांतिक परिषदांची शेवटची निवडणूक २०१४ मध्ये झाली. निवडून आलेल्या परिषदांच्या मुदती संपल्यापासून त्यांचा कारभार राज्यपाल आणि अधिकारी पाहतात, आणि १३व्या दुरुस्तीत लिहिलेले जमीन व पोलिसांचे अधिकार कोलंबोतच आहेत.